ओरडले नाही म्हणून स्ट्रेचरवर

...आणि वर मलाच म्हणतात, "मावशी, हात वर करा!" अहो, का करू हात वर? मी काय कुणाचं घर फोडलंय? बरं, केला एक वर. तर म्हणे, "दोन्ही करा." दोन्ही केले. तर म्हणे, "आता जरा हसून दाखवा." सकाळी साडेनऊला, चादरींच्या ढिगाऱ्यात, चार माणसं माझ्या तोंडात डोकावतायत आणि मी हसून दाखवायचं! कशाला? कुणाला? आणि मी नाही हसले, तर ती कोवळी नर्स दुसरीच्या कानात काय सांगते, "तोंड एका बाजूला वाकडं वाटतंय." अगं ए, ते लग्नाआधीपासून तसंच आहे! बाई बाई बाई... तुम्हाला सांगते, मला धक्काच बसला!

आणि झालं काय होतं? तर मी ओरडले नाही. बस्स. माझा गुन्हा म्हणा, रोग म्हणा, एवढाच.

थांबा, असं अर्धवट कळायचं नाही तुम्हाला, मुळापासून सांगते. मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत आहे, बावीस वर्षं. खाली तळघरात. सहा धुवायची मशिनं, चार वाळवायची, आणि मधोमध घड्या घालायचं लांब टेबल, त्या टेबलाची मुख्य मी. शाळा चौथीपर्यंत, पण चादरीची घडी कशी घालायची ते मी वरच्या मोठ्या डॉक्टरांनासुद्धा शिकवीन. काठाला काठ, कोपऱ्याला कोपरा, तीन पदरी, आणि शिवण आत. आणि आवाज म्हणाल, तर दहा मशिनं घुरघुरत असताना हळू बोलून चालतं का? चालत नाही. मग आवाज वाढला. आवाज वाढला की त्याच्या मागोमाग राग येतो, का राग आला म्हणून आवाज वाढतो, ते मला बावीस वर्षांत कळलं नाही, पण दोघं कायम जोडीनंच यायचे. मागं सगळे मला 'भोंगा' म्हणतात. मला माहीत नाही असं त्यांना वाटतं. "भोंगा आला रे!" असं म्हणतात आणि कामाला लागतात. मी म्हटलं, म्हणा, कामं होतायत ना?

पण तोच भोंगा घरीही वाजायचा हो. तिथं गडबड झाली. सून आली घरात, चांगली पोरगी, पण घड्या घालायची... अहो, काय सांगू, टॉवेलची घडी चार पदरी! चादर तर नुसती गुंडाळायची, जसं काही कुणाला पळवून न्यायचंय! मी काय करायची, तिनं घातलेली घडी तिच्यासमोर उलगडायची आणि पुन्हा घालायची. तोंड चालूच. "आईनं हेच शिकवलं का? हात आहेत का पळ्या?" रोज. तीन वर्षं. एक दिवस काय झालं, मी कपाटातल्या सगळ्याच्या सगळ्या घड्या उलगडल्या आणि तिला म्हटलं, घाल आता पुन्हा. तिनं एकेक करत सगळ्या घातल्या. चार दिवसांनी मुलानं भाड्यानं खोली घेतली. जाताना म्हणाला, "आई, तू वाईट नाहीस. पण तुझ्या तोंडापुढं आमचा टिकाव लागत नाही. ज्या दिवशी तुझा राग जाईल, त्या दिवशी येऊ." मला बाई धक्काच बसला! मी म्हटलं, जा, बघते किती दिवस राहता! आणि दोन वर्षं राहिले की हो. मोकळ्या घरात मी एकटी, चादर एकच, घडी घालायला दुसरं टोक धरायलासुद्धा माणूस नाही. बावीस वर्षं घड्या घातल्या, पण हनुवटीखाली काठ दाबून एकटीनं चादर घडी करताना जे काही वाटतं ना... जाऊ द्या.

मग शेजारीण म्हणाली, "मंत्र घ्या, राग जातो." मी म्हटलं, गोळी नाही का मिळत? पण गेले. एका शिकवणीच्या वर्गात जमतात सगळे, रविवारी सकाळी. बाकांवर बसायचं, समोर फळ्यावर आदल्या दिवशीची गणितं तशीच. गुरुबाई म्हणजे एवढीशी बाई, चष्मा, कापडी पिशवी, आवाज असा की पंखा बंद केला तरच ऐकू येईल. मला जवळ बोलावलं, कानात मंत्र दिला. तो सांगायचा नसतो, म्हणून सांगत नाही, तुम्ही कितीही विचारा. म्हणाल्या, "रोज एकशे आठ वेळा. घाई नाही. लक्ष खुणांवर नाही, मंत्रावर."

आणि लगेच मागच्या बाकावरून आवाज आला, "खुणा दिसतातच पण!"

हे सुगंधकाका. कुठल्याशा कचेरीतून रिटायर झालेले. माळ हातात घेतली की पाचव्या मिनिटाला नाक वर, डोळे बंद. "आला... चंदनाचा आला... आता मोगरा..." अहो, अत्तराच्या दुकानात बसल्यासारखं! त्यांच्या पलीकडे एक शिलाई करणाऱ्या बाई, त्यांना निळा प्रकाश दिसतो. रोज. आणि रविवारी जप झाला की सुगंधकाका वर्गातल्या मॉनिटरसारखे एकेकाला विचारणार, "काही अनुभव?" तो म्हणे अंगावर काटा आला. ती म्हणे डोळ्यांतून धारा. ही म्हणे स्वप्नात पांढरी पायरी. आणि माझ्याकडे वळून, "तुम्हाला? काही अनुभव?"

काहीही नाही! पहिला महिना, काही नाही. दुसरा, काही नाही. तिसऱ्या महिन्यात मला वास आला, मी उडालेच, ओरडले, "आला! आला!" सगळ्यांनी वळून बघितलं. "कसला?" म्हटलं, "ब्लीचचा." तो माझ्याच हातांना होता. पाचव्या महिन्यात पायातून सरसर काहीतरी वर चढायला लागलं, मुंग्या, कळा, मी म्हटलं हीच ती शक्ती! गुरुबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "बाई, मांडी मोडा, पाय सोडून बसा." झालं! शक्ती गेली!

चौदा महिने, तुम्हाला सांगते, चौदा महिने रोज पहाटे उठून एकशे आठ, आणि प्रत्येक रविवारी ते, "काही अनुभव?" लाज वाटायला लागली. लहानपणी शाळेत पाढे येत नसले की बाकावर उभं करायचे, तसं वाटायचं. आणि मला प्रकाश कशाला हवा होता? मला राग जायला हवा होता. घरात दोन माणसं परत यायला हवी होती. पण मी म्हटलं, प्रकाशच नाही तर राग कसला जातोय? आधी दिवा लागेल, मग घर दिसेल ना?

त्यातच दहाव्या महिन्यात न राहवून गुरुबाईंना म्हटलं, "डोळे मिटले की चादरी दिसतात. देव नाही, प्रकाश नाही, चादरी!" मला वाटलं, रागावतील. त्या म्हणाल्या, "मग चादरींवरच म्हणा." मी म्हटलं, "म्हणजे?" "म्हणजे एक घडी, एक मंत्र." बरं. मला काय, दिवसाला चारशे चादरी. काठाला काठ, मंत्र. कोपऱ्याला कोपरा, मंत्र. पुढे पुढे तर मशीन फिरतंय ते पण तेच म्हणतंय असं वाटायला लागलं. मी म्हटलं, कान गेले बहुतेक. बावीस वर्षं घुरघूर ऐकून जातातच. खूण वगैरे काही माझ्या डोक्यातच नाही!

तर तो सोमवार. मी खाली उतरले, आणि बघते तर सगळी लाँड्री चिडीचूप. मशिनं बंद. टेबलावरच्या बायका भिंतीला टेकलेल्या. मशीनवाला, चाळिशीचा बाप्या, तो मधोमध उभा, दोन्ही हात कानांवर. आधीच! आणि त्याच्यापुढे दोनशे चादरी... पोपटी! पांढऱ्याशुभ्र चादरींत ऑपरेशनचा नवाकोरा हिरवा गाऊन गेला होता. एक गाऊन. आणि दोनशे चादरी पोपटी! वरून वॉर्डांचे फोन वाजतायत, चादरी कुठायत, चादरी कुठायत...

मी जवळ गेले. एक चादर उचलली. बघितली. खाली ठेवली. त्याच्याकडे बघितलं, तर डोळे लाल, दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं वरखाली. आणि मी काय विचारलं? ऐका. मी विचारलं, "झोपला नाहीस का रे?"

कानांवरचे हात खाली आले. तो म्हणाला, "बायको वर ॲडमिट आहे मावशी. तिसऱ्या मजल्यावर. अकरा दिवस झाले."

अकरा दिवस! आमच्याच हॉस्पिटलात! तिच्या अंगाखालची चादर मी घडी केलेली, आणि मला पत्ता नाही! मी बायकांकडे वळले, "तुम्हाला माहीत होतं?" सगळ्यांच्या माना खाली. म्हणजे माहीत होतं. सगळ्यांना. "मग मला का नाही सांगितलं?" तर एक जण चाचरत म्हणाली, "तुम्ही ओरडाल म्हणून..." अहो, बायको आजारी आहे म्हणून कुणी ओरडतं का? बाई, मला धक्काच बसला! म्हणजे बावीस वर्षं मला वाटत होतं की माझ्या भोंग्यानं कामं होतात, आणि होत काय होतं, तर लोक माझ्यापासून आपली दुखणी लपवत होते!

मी म्हटलं, "बरं. चादरी परत टाका, कडक गरम पाण्यात. वर मी कळवते. आणि तू जा, तिच्याजवळ बस तासभर." एवढंच बोलून खुर्चीवर बसले.

आणि मग सुरू झालं!

"मावशींना काहीतरी झालंय!" "पाणी आणा!" "अगं, पाणी पाजू नका, झटका असेल तर घशात जातं!" कुणी वरून नर्स आणली, मग ते हात वर, मग ते हसून दाखवा, आणि कुणाचंही काही न ऐकता मला उचलून स्ट्रेचरवर! मी म्हणतेय, "अगं, मी बरी आहे." तर ती नर्स कशी, अगदी मऊ आवाजात, "हो हो मावशी, बऱ्याच आहात तुम्ही." मऊ आवाज! माझ्याशी! मेलेल्या माणसाशी बोलतात तशी! लिफ्टमध्ये शिपाई दुसऱ्याला सांगतोय, "भोंगा बंद पडला रे." आणि स्ट्रेचरवरची चादर बघते तर शिवण वर! रात्रपाळीची घडी! तळपायाची आग... खोटं कशाला सांगू, निघाली हो आग, निघाली, गुडघ्यापर्यंत आलीसुद्धा, आणि गुडघ्याशी येऊन बसली. पुढे येईचना! आणि आत ते आपलं चालूच. मी म्हणत नव्हते हो, तेच आपलं आपण. चाकं कुईकुई करतायत, आणि त्या कुईकुईच्या खाली, मंत्र. मला बाई असा धक्का बसला की मी गप्पच झाले. आणि मी गप्प झाले, तशी नर्स ओरडली, "लवकर चला, बोलणं बंद झालं!"

वर डॉक्टर म्हणजे माझ्या मुलाच्या वयाचा. टॉर्च मारला, गुडघ्यावर हातोडी मारली. "आजी, आज वार कोणता?" आजी म्हणे! "सोमवार." "शंभरातून सात वजा करत जा." म्हटलं, बाळा, चौथीपर्यंत शिकलेय, पण दिवसाला चारशे चादरी आठ वॉर्डांत वाटते. "त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बाहत्तर, पासष्ट..." "पुरे, पुरे." "अठ्ठावन्न, एक्कावन्न..." "आजी, पुरे!" मग तो लाँड्रीतल्या बायकांकडे वळून विचारतो, "नेमकं झालं काय?" तर त्या सगळ्या एकदम, "त्या ओरडल्या नाहीत!" तो म्हणाला, "कशाला?" "दोनशे चादरी पोपटी झाल्या, तरी!" आणि तुम्हाला सांगते, त्या डॉक्टरचा चेहरा पडला. कारण मागच्या वर्षी त्यानं हात पुसायला चादर घेतली होती, तेव्हा जिन्यापर्यंत मी त्याला सोडलं नव्हतं!

तेवढ्यात मुलगा धावत आला. त्याला फोन काय गेला होता माहितीय? "लगेच या, तुमची आई शांत झाली!" आता अशी बातमी द्यायची पद्धत आहे का? बिचारा रडतच आला. मागून सून, एका पायात तिची चप्पल, एका पायात त्याची. दोन वर्षांनी बघत होते मी तिला. तिनं माझा हात धरला, आणि म्हणाली, "आई, काहीतरी बोला ना! माझ्या घडीला नावं ठेवा! काहीही बोला, पण अशा बघू नका हो!"

मी कशी बघत होते कुणास ठाऊक. मी म्हटलं, "चप्पल बदल, पडशील."

तर ती हमसून हमसून रडायला लागली. "बघा ना, किती मायेनं बोलतायत! नक्की काहीतरी झालंय!"

रिपोर्ट सगळे चांगले आले. पण डॉक्टर म्हणाला, स्वभाव असा एकाएकी बदलणं हे लक्षण बरं नाही, डोक्याचं काही असू शकतं, यांना एकटं ठेवू नका. आणि त्याच संध्याकाळी, ऐका, त्याच संध्याकाळी दोघं बोचकी घेऊन घरी हजर! ज्याच्यासाठी चौदा महिने माळ ओढली, ते झालं. माझा राग गेला म्हणून नाही, तर माझं डोकं गेलं म्हणून!

मी मुलाला समजावलं, "अरे राजा, तसं काही नाही. हा मंत्राचा गुण आहे." तो माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "आई, तुझा राग मी जन्मापासून ओळखतो. तो मंत्रानं जाण्यातला नाही." आहे की नाही! अरे, तूच म्हणाला होतास ना, राग गेला की येऊ? तर आता गेला यावर विश्वास नाही!

रविवारी गेले वर्गात. सुगंधकाका, "काही अनुभव?" मी म्हटलं, "अनुभव कसला, झाली तेवढी शोभा बास झाली," आणि सगळं सांगितलं, पोपटी चादरींपासून. गुरुबाई हसायला लागल्या, चष्मा काढून डोळे पुसायला लागल्या. म्हणाल्या, "बाई, चौदा महिने खूण शोधायला तुम्ही आत बघत बसलात. ही खूण बाहेरच्यांना आधी दिसते. आणि मंत्र आपोआप चालायला लागला म्हणता? मग आणखी काय दिवा लावायचाय?"

आणि सुगंधकाकांनी बाक असा आपटला, फळ्यावरचा खडू खाली पडला! "म्हणजे काय? हिला? चौदा महिन्यांत? नऊ वर्षं वास घेतोय मी! नऊ वर्षं!" लालबुंद, थरथर, आवाज तर माझ्या जुन्या भोंग्याला मागे टाकेल असा. मी माझी पाण्याची बाटली त्यांच्यापुढे ठेवली. म्हटलं, "काका, दोन घोट घ्या." गुरुबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आता याचंही कौतुक करत बसू नका. माळ चालू ठेवा."

मला वाटलं, संपलं सगळं. कसलं संपतंय! घरी सून माझी परीक्षा घेते. परवा माझ्यासमोर बसून चादर घडी केली. चार पदरी. शिवण बाहेर. एक कोपरा लोंबतोय. आणि तिरक्या डोळ्यानं माझ्याकडे बघतेय. मी बघितलं, आणि मला वाटलं, बोटं किती नाजूक आहेत हिची, आणि मी पळ्या म्हणायची... गप्प राहिले. तशी ती पांढरीफटक! धावत स्वयंपाकघरात, "अहो, त्या काहीच बोलल्या नाहीत!"

मला दया आली हो तिची. रात्र रात्र झोपत नाहीत दोघं काळजीनं. मी ठरवलं, चार शब्द ओरडते, पोरांना बरं वाटेल. दुसऱ्या सकाळी उठले, छाती फुगवली, कंबरेवर हात, आणि घातला आवाज, "हात आहेत का पळ्या? ही काय घडी आहे? आईनं हेच शिकवलं का?" दणाणून गेलं घर. शेजारणीनं खिडकी उघडली. आणि आत ते चालूच हो, मंत्र, एका लयीत, मी ओरडतेय आणि ते चाललंय...

दोघं दारात उभे. मुलगा आशेनं तिच्याकडे बघतोय. सून थोडा वेळ ऐकत राहिली, आणि मान हलवली. हळूच त्याला म्हणाली, "आवाज होता हो. पण धार नव्हती."

बाई, मला धक्काच बसला! म्हणजे शांत राहिले तर आजारी, आणि ओरडले तर जास्तच आजारी! आता बोला!

आणि खरं सांगू, फार समजावतही नाही मी आता. संध्याकाळी ती चादरीचं एक टोक धरते, दुसरं मी धरते, काठाला काठ आणतो, आणि घडी घालता घालता ती विचारते, "आई, आज वार कोणता?" मी सांगते. तिला हायसं वाटतं. कधी कधी तिच्याकडून घडी चार पदरी होते. होऊ दे की.

गुरुवारी मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. त्या गोल मशिनीत घालून डोक्याच्या आतला फोटो काढणार आहेत म्हणे. मी म्हटलं, काढा. चौदा महिने मला काही आत उजेड दिसला नाही, निदान त्या मशिनीला तरी दिसू दे!